क्षमता म्हणजे पाणी नव्हे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

पाण्याच्या आकड्यांवर मागे एकदा लिहिलं, तेव्हापासून पत्रं थांबलेली नाहीत. निम्म्या पत्रांत घोळ एकच. टक्का पाठ आहे, पण तो कशाचा टक्का हे कुणी विचारलेलं नाही. माझी नोकरी पाण्याच्या बाटल्या तपासण्यात गेली, त्यामुळे असल्या टक्क्यांपुढे माझा संयम लवकर संपतो. ज्यांना उत्तर तुटक वाटेल त्यांनी समजून घ्यावं.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या वर्गात शिकवलं की भारतात २०२१ साली दरडोई पाणी १,४८६ घनमीटर होतं. म्हणजे दिवसाला चार हजार लिटर. आमच्या घरी माणशी चार बादल्याही येत नाहीत. आकडा चुकीचा आहे का? (खानापूर)

आकडा बरोबर आहे, अर्थ चुकीचा लावलात. देशातल्या नद्यांतून वर्षभरात सरासरी जेवढं पाणी वाहतं, सुमारे १,९९९ अब्ज घनमीटर, त्याला लोकसंख्येने भागलं की ही संख्या येते. त्यात पुराचं पाणी आलं, ब्रह्मपुत्रा आली, समुद्राला मिळणारं सगळं आलं. नळाशी तिचा संबंध नाही. नळासाठी नियोजनाचे मापदंड वेगळे आहेत. भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर, जलजीवन मिशनमध्ये गावाला ५५ लिटर. तेही मापदंड आहेत, तुमच्या बादलीत ते पडतंच असं नाही. परीक्षेत १,४८६ लिहा. मात्र आपल्या एकाच बेळगाव जिल्ह्यात कणकुंबीचा पाऊसही येतो आणि अथणीचं कोरडं रानही, हे विसरू नका. सरासरी तिथेच फसते.

प्रश्न : एक टीएमसी म्हणजे नक्की किती? सभेत प्रत्येक जण वेगळं सांगतो. (अथणी)

शंभर कोटी घनफूट, म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. वर्षभर समान वाटलं तर रोज साडेसत्त्याहत्तर दशलक्ष लिटर, म्हणजेच ७७.५ एमएलडी. १३५ लिटरच्या हिशेबाने कागदावर पावणेसहा लाख माणसांचं वर्ष निघतं. बाष्पीभवन आणि गळती धरली नाही तर. म्हादईचं पाणी वळवण्याच्या कळसा-भांडुरा योजनेसाठी म्हादई पाणीतंटा लवादाने २०१८ मध्ये मान्य केलेले ३.९० टीएमसी याच मापाने समजून घ्या आणि मग सभेला जा.

प्रश्न : घराघरांतून सांडपाणी किती निघतं हे सरकार कसं मोजतं? आमच्या गटाराला मीटर तर नाही. (शहापूर, बेळगाव)

बहुतेक ठिकाणी मोजत नाही, अंदाज काढतं. लोकसंख्येला माणशी पाणीपुरवठ्याने गुणायचं आणि त्याचे ८० टक्के धरायचे. तुम्हीही काढा. २०११ च्या जनगणनेत बेळगाव महापालिका हद्दीत ४ लाख ८८ हजारांच्या आसपास लोक होते. १३५ लिटरने गुणलं की ६६ एमएलडी, त्याचे ८० टक्के म्हणजे ५३ एमएलडी. हा आकडा मी आत्ता टेबलाशी बसून काढला, नाल्यावर गेलो नाही. यात घरच्या बोअरचं पाणी नाही, टँकरचं नाही आणि २०११ नंतर वाढलेल्या वस्त्या तर नाहीतच. तेव्हा खरा प्रवाह याहून जास्त असणार असं समजून चाला. किती जास्त, ते नाल्याच्या तोंडाशी प्रवाह मोजल्याशिवाय कोणीही सांगू नये. मीही सांगत नाही.

प्रश्न : एका बातमीत ‘देशात ४४ टक्के सांडपाण्यावर प्रक्रिया’ असं होतं, दुसरीत २८ टक्के. मुलांना कोणता आकडा शिकवू? (गोकाक, शिक्षक)

गुरुजी, या प्रश्नाची मी वाटच पाहत होतो. जरा बसून वाचा.

दोन्ही आकडे एकाच अहवालातले आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२०-२१ मध्ये देशभरच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांची यादी केली. त्यात शहरी सांडपाणी रोज ७२,३६८ एमएलडी धरलं आहे. हाही वर सांगितला तसलाच अंदाज. उभारलेली क्षमता ३१,८४१ एमएलडी. त्यातली चालू स्थितीतली २६,८६९. प्रत्यक्ष प्रक्रिया झालेलं पाणी २०,२३५. आणि ठरलेल्या निकषांत बसणाऱ्या केंद्रांची क्षमता सुमारे १२,२०० एमएलडी. आता भागाकार करा : ४४ टक्के, ३७ टक्के, २८ टक्के, १७ टक्के. एकच देश, एकच वर्ष, एकच अहवाल. ज्याला जसं दाखवायचं असेल तसा तो उचलतो. उद्घाटनाच्या भाषणात ४४, मोर्चाच्या पत्रकात १७.

पहिला आकडा सिमेंटचा आहे. टाक्या बांधल्या, फित कापली, क्षमता वाढली. त्या टाकीत थेंब पडला का, हे तो आकडा सांगत नाही. केंद्र रिकामं का राहतं याची कारणं मी आयुष्यभर पाहिली आहेत. भुयारी गटाराची मुख्य वाहिनी टाकली, पण घरांच्या जोडण्या दिल्याच नाहीत. गटार आहे, मधलं पंपिंग स्टेशन बंद. वीजबिल थकलं. केंद्र गावाच्या एका टोकाला आणि सांडपाणी जमिनीच्या उताराने दुसऱ्या टोकाच्या नाल्यात. उताराला भाषण कळत नाही. मग पावसाळ्यात पावसाचं पाणी गटारात शिरतं आणि सहा महिने अर्धं रिकामं असलेलं केंद्र एकाएकी भरून वाहू लागतं.

शेवटच्या आकड्याकडेही सावधपणे बघा. १७ टक्के ही निकष पाळणाऱ्या केंद्रांची क्षमता आहे, त्यातून वाहिलेलं पाणी नव्हे. आणि निकष म्हणजे तरी कोणता? ‘बीओडी’ म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जंतू जेवढा प्राणवायू वापरतात त्याचं माप. नदीत सोडायच्या पाण्यासाठी अनेक वर्षं लिटरला ३० मिलिग्रॅम ही मर्यादा होती. २०१७ च्या अधिसूचनेत मोठ्या शहरांना २० आणि इतरांना ३० आली. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने, म्हणजे पर्यावरणाच्या न्यायालयाने, १० चा आग्रह धरला. म्हणजे तेच केंद्र, तेच पाणी, मर्यादा बदलली की पास किंवा नापास. तुलना करताना कोणत्या मर्यादेने मोजलंय ते आधी विचारा.

कर्नाटकाचे आकडे त्याच यादीत आहेत : सांडपाणी ४,४५८ एमएलडी, उभी क्षमता २,७१२, प्रत्यक्ष प्रक्रिया १,७८६. म्हणजे ६१ टक्के की ४० टक्के, हा पुन्हा तोच खेळ. आणि हे फक्त शहरांचं. उचगाव, हिंडलगा, कंग्राळी यांसारख्या गावांचं आता शहरच झालंय, पण कारभार ग्रामपंचायतीचा असेल तर ती या हिशेबात धरलीत का, हे विचारायला हवं. बेळगावचं अर्धं वाढलेलं शहर अशाच गावांत राहतं.

मुलांना सगळे आकडे फळ्यावर लिहून द्या, एकच द्यायचा असेल तर २८ द्या. आणि तुमच्या गावच्या केंद्राचा मासिक अहवाल नगरपालिकेकडे माहितीच्या अधिकारात मागा. अर्ज कन्नडमध्ये दिलात तर ‘भाषा समजली नाही’ हे एक निमित्त कमी होतं. अहवाल आला की रोजचा आवक-जावक प्रवाह आणि बीओडीचे रकाने एखाद्या पर्यावरण अभियंत्याला दाखवा. रोज तंतोतंत सारखा आकडा दिसला तर तो मोजलेला नसतो, एवढं मात्र माझ्याकडून घ्या.

प्रश्न : पावसाळ्यात शहराचं सांडपाणी वाहणाऱ्या बळ्ळारी नाल्याचं पाणी भातात शिरतं. काही जण म्हणतात नाल्याच्या पाण्याला युरिया लागत नाही, उलट फायदाच. खरं का? (येळ्ळूर)

अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त घातक. सांडपाण्यात नत्र असतं हे खरं. पण ते किती, हे तुमच्या हातात नसतं. नत्र जास्त झालं की भात हिरवागार माजतो, लोळतो, ओंबी पोचट राहते आणि रोग-किडीला आमंत्रण. बासमतीसारख्या उंच वाढणाऱ्या भाताला तर ते अजिबात मानवत नाही. त्यात कारखान्याचं पाणी मिसळत असेल तर जड धातूंचा प्रश्न वेगळा, तो डोळ्याला दिसत नाही. शिवारात उतरताना गमबूट घाला. अनवाणी पायांतून अंकुशकृमी (हुकवर्म) शरीरात शिरतात, हे कोणी सांगत नाही. कच्ची खायची भाजी, कोथिंबीर, मुळा त्या पाण्यावर घेऊ नका. पाणी ओसरल्यावर मातीचा आणि विहिरीच्या पाण्याचा नमुना कृषी विज्ञान केंद्रात किंवा रयत संपर्क केंद्रात द्या आणि पुढच्या खताचा डोस त्यांना विचारूनच ठरवा. नुकसानीचा पंचनामा पाणी उभं असतानाच करून घ्या. सुकलेल्या शेताचा पंचनामा वाळूवरच्या रेघेइतकाच टिकतो.

प्रश्न : आरओ मशीन विकायला आलेल्या माणसाने आमच्या नळाच्या पाण्यात दांड्या घातल्या. पाणी लाल-काळं झालं. त्याच्या मशीनचं पाणी स्वच्छ राहिलं. आम्ही घाबरून ऑर्डर दिली. (टिळकवाडी)

ऑर्डर रद्द होत असेल तर आधी ती रद्द करा. तो रंग पाण्यातला नव्हता, दांडीतला होता. एक दांडी लोखंडाची असते. पाण्यातून वीज वाहिली की लोखंड झिजून गंजाचा गाळ तयार होतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे वीज वाहत नाही आणि पाणी स्वच्छ दिसतं. पुढच्या वेळी त्यालाच त्याच्या ‘शुद्ध’ पाण्यात चिमूटभर मीठ टाकून दाखवायला सांगा. स्वतः हात लावू नका, दांड्या थेट विजेवर असतात. तो मीठ टाकणार नाही, बॅग आवरेल.

टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार. भारतीय मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आहेत, दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालवतात. राकसकोप किंवा हिडकलसारख्या, घाटातल्या पावसावर भरणाऱ्या धरणाचं पाणी सहसा मऊ असतं. तिथे आरओ म्हणजे एक लिटर पिण्यासाठी दोन-तीन लिटर मोरीत. आणि जंतू टीडीएस मीटरला दिसत नाहीत. कावीळ, टायफॉइड त्याच जंतूंनी होतात. बोअरचं खारट पाणी असेल तर गोष्ट वेगळी. पण ते प्रयोगशाळेचा कागद बघून ठरवायचं, विक्रेत्याच्या मीटरवर नाही.

प्रश्न : आमच्या नदीचं पाणी मध्येच तांबूस होतं, मासे तरंगतात. मी बाटलीत भरून ठेवलंय. कुठे द्यायचं? (चिकोडी तालुका)

ठेवलंय म्हणजे किती दिवस? बीओडीचा नमुना बर्फात ठेवून शक्यतो चोवीस तासांत तपासायला लागतो. प्रयोगशाळेत तो पुढे २७ अंशांवर तीन दिवस ठेवतात. खिडकीत आठ दिवस राहिलेल्या बाटलीतून फक्त तुमची कळकळ सिद्ध होते. पाण्यातला प्राणवायू तर जागेवरच पक्का करावा लागतो. शिवाय १९७४ च्या जल कायद्यानुसार कारखान्याविरुद्ध पुरावा म्हणून चालणारा नमुना अधिकाऱ्याने, नोटीस देऊन, दोन भाग करून घ्यायचा असतो. तुमची बाटली कोर्टात चालत नाही.

म्हणून पाणी बदललं की त्याच तासाला राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला फोन करा, मग लेखी द्या, पोच घ्या. जागा आणि वेळ दिसेल असे फोटो काढा. दूधगंगा, वेदगंगा आणि कृष्णा महाराष्ट्रातून येतात. घाण वरून आली की इथली, हे ठरेपर्यंत दोन्ही मंडळं एकमेकांकडे बोट दाखवतात, म्हणून प्रत केंद्रीय मंडळालाही पाठवा. साखर कारखान्याला उसाच्या टनामागे २०० लिटरपेक्षा जास्त प्रक्रिया केलेलं पाणी सोडता येत नाही, असा २०१६ चा नियम आहे. पण कोणत्याही कारखान्याचं नाव अहवाल हातात येण्याआधी चारचौघांत घेऊ नका. वकिलाला विचारा. आणि ते पाणी तोवर जनावरांना पाजू नका.

प्रश्न : देशाचं ९० टक्के पाणी शेती खाते म्हणतात. मग दोषी आम्हीच? (रायबाग)

‘खाते’ हा शब्द चुकला. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या नोंदीत २०१० साठी भारताचा उपसा ७६१ अब्ज घनमीटर आहे. त्यात शेती ६८८, घरगुती ५६, उद्योग १७. हा उपसा आहे, वापरून संपलेलं पाणी नव्हे. शेतात सोडलेल्या पाण्यातलं काही झिरपून पुन्हा विहिरीला येतं. शहर उचलतं थोडं, पण त्यातलं बरंचसं घाण करून परत देतं. दोन्ही एका तराजूत घालायचे नसतात. एवढ्यावर खूश होऊ नका. २०२४ च्या मोजणीत भूजल उपशाचे ८७ टक्के सिंचनाला गेले, आणि उसाला रात्रभर पाट सोडून झोपणाऱ्याची जमीन क्षारपड होते तेव्हा ती आकडेवारीने सुधारत नाही. ठिबकाचा हिशेब तुमच्या जमिनीनुसार कृषी अधिकाऱ्याकडून करून घ्या, ठिबक विकणाऱ्याकडून नको.

प्रश्न : नवीन आकडे कधी येणार? सगळीकडे २०११ च. (निपाणी)

जनगणना होईल तेव्हा.

प्रश्न : शेजाऱ्याने आमच्या विहिरीजवळ शोषखड्डा काढलाय. किती अंतर पाहिजे? (कडोली)

भारतीय मानकात पिण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर, म्हणजे साठ फूट. खडक फुटका असेल तर तेही पुरत नाही. भांडण्याआधी विहिरीच्या पाण्याची कोलिफॉर्म (मैल्यातले जंतू) आणि नायट्रेट चाचणी करा. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर घरातल्या तान्ह्या बाळाला ते पाणी देऊ नका, डॉक्टरांना विचारा. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. चाचणीचा कागद आला की पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे (पीडीओ) अर्ज करा, आणि तोवर दुसऱ्या विहिरीचं पाणी आणा.