डॉकएक्स आणि ओडीटी, दोन्हींसाठी मेटाडेटाचं एकच मानक कसं ठरवायचं?

तुमचा प्रश्न असा: संस्थेत डॉकएक्स (वर्डच्या) आणि ओडीटी (लिबरऑफिसच्या) अशा दोन्ही प्रकारच्या फाइली आहेत, दोन्हींसाठी मेटाडेटाचं (लेखक, तारीख अशा फाइलीबद्दलच्या माहितीचं) एकच मानक हवंय, चाळीस फील्डची यादी तयार आहे, आता ती एक्सएमएलमध्ये (दोन्ही फॉरमॅट आतून ज्या टॅगांच्या मजकुरात माहिती ठेवतात, त्यात) कशी बसवायची?

एक्सएमएलचं नंतर बघू. आधी यादीतलं ‘लेखक’ हे फील्ड घ्या. लेखक म्हणजे कोण? फाइल पहिल्यांदा तयार करणारा, की तिच्यावर शेवटचा हात फिरवणारा? प्रश्न बाळबोध वाटेल, पण दोन्ही फॉरमॅटांचं इथेच बिनसतं. दोघांनी डब्लिन कोअर या मेटाडेटाच्या सर्वसाधारण मानकातला ‘क्रिएटर’ हाच टॅग उचललाय. डॉकएक्सच्या आतल्या कोअर.एक्सएमएल फाइलीत त्या टॅगमध्ये मूळ लेखकाचं नाव असतं आणि शेवटचा बदल करणाऱ्यासाठी ‘लास्टमॉडिफाइडबाय’ हा वेगळा टॅग. ओडीटीच्या मेटा.एक्सएमएलमध्ये बरोबर उलट: ‘क्रिएटर’ म्हणजे शेवटचा बदल करणारा, मूळ लेखक ‘इनिशियल-क्रिएटर’मध्ये. नाव तेच, नेमस्पेस (टॅग कोणत्या मानकातला हे सांगणारा पत्ता) तीच, माणूस वेगळा.

मी यात तोंडावर आपटलोय. जुन्या डॉकएक्स फाइलींचं ओडीटीत रूपांतर केल्यावर मेटाडेटा पुन्हा भरायला एक छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. टॅगचं नाव सारखं दिसलं म्हणून इकडचं सरळ तिकडे टाकलं. एकही एरर नाही, फाइलीची रचना तपासणारा व्हॅलिडेटरही खूश. महिनाभरानं एकानं विचारलं, निवृत्त झालेली माणसं अजून फाइली बदलतायत कशी?

याचं मूळ डब्लिन कोअरच्या सैल व्याख्येत आहे, आणि ती मुद्दामच सैल ठेवलेली आहे. 1995 साली सुरू झालेल्या त्या कामातून आलेले 15 घटक वेबवरच्या कुठल्याही साधनाला लावता यावेत असे आहेत. ‘साधन घडवण्याची मुख्य जबाबदारी ज्याची, तो क्रिएटर’ एवढंच ते म्हणतात. दहा जण रोज उघडून बदलतात अशा फाइलीत ती जबाबदारी कुणाची, हे मानक वापरणाऱ्यानं ठरवायचं. म्हणून तुमच्या कागदावर टॅगच्या आधी व्याख्येचं वाक्य हवं: हे फील्ड कोण भरतं, केव्हा बदलतं, आणि कोणत्या फॉरमॅटमध्ये कुठे जातं. चाळीसपैकी किती फील्डांसाठी असं वाक्य लिहिता येतं ते बघा. माझा अंदाज, बारा-पंधरा उरतील.

तारखांचंही तसंच. कोअर.एक्सएमएलमध्ये तारखेसोबत वेळ लिहिली तर टाइमझोनही लागतो. ओडीएफमध्ये (ओडीटी ज्या मानकात बसतं, त्यात) तो ऐच्छिक आहे. टाइमझोन नसेल तर काय धरायचं हे आधीच ठरवा, नाहीतर भारतीय वेळ आणि यूटीसी यांच्यातल्या साडेपाच तासांचा घोळ होईल आणि मध्यरात्रीच्या आसपासच्या फाइलींची तारीखच बदलेल. कीवर्डचं दुखणं किरकोळ: ओडीएफमध्ये प्रत्येक कीवर्डला स्वतंत्र टॅग देता येतो, डॉकएक्समध्ये सगळे सहसा एकाच ओळीत कोंबलेले असतात. विभाजक कोणता ते लिहून टाका, झालं.

तुमची खास फील्डं (जावक क्रमांक, गोपनीयतेची पातळी वगैरे) कस्टम प्रॉपर्टीत ठेवा. दोन्हीकडे ती सोय आहे आणि मूल्याचा प्रकारही देता येतो. तारखेला तारीखच म्हणा, मजकूर नको. ‘03/04’ म्हणजे मार्च की एप्रिल, हे पाच वर्षांनी कुणालाच सांगता येणार नाही.

2011 साली मंजूर झालेल्या ओडीएफ 1.2 मध्ये आरडीएफ (कशाबद्दलही छोटी-छोटी विधानं लिहून ठेवण्याची पद्धत) आलं. एखाद्या परिच्छेदाला आयडी देऊन त्याच्याबद्दलची विधानं फाइलीच्या आतच आरडीएफ फाइलीत लिहिता येतात. मला ती रचना मनापासून आवडते, आणि तरीही तुम्हाला ती सुचवणार नाही. डॉकएक्समध्ये तिला सरळ जोड नाही, त्यामुळे फाइल एकदा तिकडे जाऊन आली की ती विधानं टिकतील याचा भरवसा धरता येत नाही.

‘संपादनाला लागलेला वेळ’ हे फील्ड यादीत असेल तर काढा. ओडीएफमध्ये त्यासाठी टॅग आहे, पण फाइल उघडी ठेवून जेवायला गेलेल्या माणसाचाही वेळ त्यात मोजला जाऊ शकतो, आणि फाइल बाहेर पाठवली की तो आकडाही सोबत जातो.

मसुदा झाला की एक नमुना फाइल घ्या, सगळी फील्डं भरा, दुसऱ्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करा, परत पहिल्यात आणा. दोन्ही प्रकारच्या फाइली शेवटी झिपच असतात. उघडून आतल्या एक्सएमएल फाइली शेजारी-शेजारी ठेवा आणि काय गळलं, काय बदललं ते ओळीनं बघा. ‘क्रिएटर’पासून सुरुवात करा.