जळवांच्या लाळेतली प्रथिनं: सुरुवात कुठून करशील?

आधी जळू ओळख. ‘हिरुडो मेडिसिनॅलिस’ म्हणून विकल्या जाणाऱ्या जळवा बऱ्याचदा ‘हिरुडो व्हर्बाना’ निघतात. २००७ साली जनुकीय तपासणीत हे उघड झालं. जात चुकली की पुढची मेहनत पाण्यात.

लाळ घेताना:
- जळू काही महिने उपाशी हवी, नाहीतर जुन्या रक्ताचीच प्रथिनं मोजत बसशील.
- आर्जिनीन (एक अमिनो आम्ल) घातलेलं कोमट मिठाचं पाणी पातळ पडद्यातून पाज, मग हलकेच दाबून बाहेर काढ. त्यातच लाळ मिसळलेली असते.

हिरुडिन हे लाळेतलं रक्त गोठू न देणारं प्रथिन जेमतेम ६५ अमिनो आम्लांचं, रेणूचं वजन सुमारे ७ किलोडाल्टन. प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या नेहमीच्या जेलमधून ते निसटतं आणि नवखा म्हणतो, ‘लाळेत काहीच नाही!’ (मीही म्हटलं होतं.) छोट्या प्रथिनांसाठीचं ट्रायसिन जेल वापर. मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या (वस्तुमानावरून रेणू ओळखण्याच्या तंत्राच्या) मागे एवढ्यात लागू नकोस. प्लाझ्मात (रक्तातल्या पेशी काढून उरलेल्या द्रवात) थ्रॉम्बिन हे रक्त गोठवणारं विकर घाल आणि तुझ्या नमुन्याने गोठणं लांबतंय का, तेवढं आधी बघ.