रात्री टाकी उतरते, पाणी जातं कुठं?

प्रश्न : फोंड्याला आमच्या इमारतीत २४ फ्लॅट आहेत. तीन महिने पाण्याचं बिल दीडपट येतंय. वरच्या मजल्यावरचे खालच्यांना बोल लावतात. काय करू? – सोसायटीची सेक्रेटरी

उत्तर : ताई, आधी कुणालाच दोष देऊ नका. रात्री ११ला पंप बंद करून गच्चीवरच्या टाकीत पाण्याच्या रेषेवर खडूची खूण करा आणि पहाटे ५ला, लोक उठायच्या आत, परत बघा. तळ ३ मीटर बाय २ मीटर असेल आणि पाणी ५ सेंटिमीटर उतरलं असेल, तर ३०० लिटर गेलं. आमच्याकडे नेमकं एवढंच जायचं.

मग घरोघरी फ्लशच्या टाकीत दोन चमचे कोकमाचं आगळ घाला. वीस मिनिटं फ्लश करायचा नाही. भांड्यात लाल ओघळ दिसला की खालचा वायसर गेला समजा. आवाज येत नाही, म्हणून वर्षानुवर्षं कळत नाही. आम्हाला पाच फ्लश सापडले. सगळ्यात मोठी गळती बंद फ्लॅटमध्ये होती, मालक आखातात! तेव्हा कुलूपबंद घरांचे कॉक आधी बंद करून घ्या.

गच्चीवरच्या टाकीतलं पाणी खुणेवरून उतरलंच नसेल, तर खालच्या संपचा, म्हणजे जमिनीतल्या टाकीचा, बॉलकॉक बघा; टाकी भरली की येणारं पाणी बंद करणारा तो तरंगता गोळा. नळ आल्यावर तो अडकला की पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून थेट गटारात जातं. ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्रातून शुद्ध होऊन आलेलं पाणी गटारात जाताना मला बघवत नाही. ते काम याच आठवड्यात करा.