उत्तर : बर्गमनचा 'द सर्पंट्स एग' नेमका कुठे फसला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : "परवा स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमनचा 'द सर्पंट्स एग' पाहिला. दोन दिवस मन उदास आहे, पण शेवटचा अर्धा तास भलत्याच चित्रपटातून आल्यासारखा वाटला. हा चित्रपट फसलेला आहे असं सगळे का म्हणतात? यातला इतिहास किती खरा? आणि आमच्या कॉलेजच्या फिल्म क्लबात दाखवावा का?"

मी हा चित्रपट आजवर तीनदा पाहिलाय. पहिल्यांदा वैतागलो, दुसऱ्यांदा घाबरलो, तिसऱ्यांदा वही घेऊन बसलो. खाली कथेतलं सगळं उघड करणार आहे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी इथेच थांबावं.

फसलाय हे मलाही मान्य आहे, पण पूर्ण नाही. पहिला तासभर बर्गमनने जे साधलंय ते फार कमी जणांना जमलं. त्या तासात भीतीला चेहरा नाही. शनिवार, ३ नोव्हेंबर १९२३ची संध्याकाळ, बर्लिन. निवेदक सांगतो की सिगारेटच्या पाकिटाला चार अब्ज मार्क पडतात आणि लोकांचा भविष्यावरचाच नव्हे, वर्तमानावरचाही विश्वास उडालाय. एबेल रोझेनबर्ग घरी येतो तर भाऊ मॅक्सने स्वतःला गोळी घालून घेतलेली. दोघे सर्कशीतले झुल्यावरचे कसरतपटू, अमेरिकेतून आलेले ज्यू. मॅक्सचा हात दुखावल्यापासून काम बंद. इथून पुढे एबेल नुसता भटकत राहतो. पितो, पोलिसांच्या खोलीत बसतो, मॅक्सच्या घटस्फोटित बायकोकडे, मॅन्युएलाकडे जातो, पुन्हा पितो. रस्त्यात मेलेल्या घोड्याचं मांस कापणं चाललंय. कॅबरेत गुंड शिरतात आणि ज्यू मालकाचं डोकं टेबलावर आपटतात, पण कुणी जागचं हलत नाही. आणि एका रात्री दारूच्या नशेत एबेल स्वतःच एका दुकानाची काच फोडतो. दुकानावर पाटी कुणाच्या नावाची, तर रोझेनबर्ग. हा प्रसंग मला सगळ्यात जास्त छळतो. बाहेरचा द्वेष इतका आत मुरलाय की माणूस आपल्याच नावाला दगड मारतोय. बर्गमन यावर एक शब्दही बोलत नाही, आणि म्हणूनच तो अंगावर येतो.

मग व्हेर्गेरुस बोलायला लागतो.

डॉक्टर हान्स व्हेर्गेरुस. एबेल त्याला लहानपणापासून ओळखतो. याने मांजर जिवंत चिरून त्याला धडधडतं काळीज दाखवलं होतं. आता त्याचं क्लिनिक आहे. तिथे चार पैशांसाठी आणि पोटभर जेवणासाठी काहीही करायला तयार असलेल्या माणसांवर प्रयोग चालतात. मेंदूला इजा झालेलं, अखंड रडणारं बाळ आणि एक बाई एका खोलीत कोंडायची, आणि बाई कधी तुटते ते कॅमेऱ्यावर टिपायचं. मॅक्सच्या मृत्यूचा धागा इथेच येऊन पोचतो. मॅन्युएलाचाही. एबेलच्या खोलीतल्या आरशामागे कॅमेरे. शेवटी व्हेर्गेरुस सायनाइड चावतो आणि स्वतःचं मरण आरशात बघत बसतो. त्याआधी भलंमोठं भाषण ठोकतो : हे सापाच्या अंड्यासारखं आहे, पातळ पापुद्र्यातून आतला पूर्ण वाढलेला साप स्पष्ट दिसतो. दहा वर्षांनी काय होईल तेही सांगतो.

इथेच गडबड होते. तासभर हवेत असलेल्या भीतीला अचानक पत्ता मिळतो : अमुक इमारत, तमुक मजला, पांढरा डगला घातलेला माणूस. प्रेक्षक सुटतो. 'अच्छा, हा वेडा डॉक्टर होता होय!' असं म्हणून मोकळा होतो. तुम्हाला 'भलत्याच चित्रपटातून आल्यासारखा' वाटलं ते यामुळे. त्यात व्हेर्गेरुसचं भाकीत हे १९७७ सालच्या दिग्दर्शकाचं ज्ञान आहे, १९२३च्या डॉक्टरचं नाही. काय घडलं ते माहीत असलेला माणूस मागे जाऊन भविष्य सांगतो, तेव्हा त्यात जोखीम काहीच नसते.

बर्गमनलाही हे पुढे कळलं. त्याने लिहून ठेवलंय की बर्लिन हे खरं शहर निवडण्यातच चूक झाली. त्याच्याच 'द सायलेन्स' चित्रपटासारखं स्वप्नातलं, नाव नसलेलं शहर घ्यायला हवं होतं. मला हे अर्धंच पटतं. शहर खरं असण्यात काही वाईट नव्हतं. उलट त्या आठवड्यातलं खरं बर्लिन त्याने पुरेसं वापरलंच नाही, ही माझी तक्रार आहे.

आता इतिहास.

पैशांचं म्हणाल तर चित्रपट अतिशयोक्ती करत नाही. महायुद्धाआधी एका डॉलरला ४.२ मार्क मिळत. युद्धाचा खर्च कर लावून नाही, तर कर्ज काढून केलेला. वर १९२१मध्ये १३२ अब्ज सुवर्णमार्कांची युद्धभरपाई लादली गेली. जानेवारी १९२३मध्ये हप्ते थकले म्हणून फ्रान्स आणि बेल्जियमचं सैन्य रुहरच्या कोळसापट्ट्यात घुसलं. जर्मन सरकारने तिथल्या कामगारांना 'काम करू नका, पगार आम्ही देतो' असं सांगितलं आणि ते पगार नोटा छापून दिले. त्यानंतर भावांना धरबंध राहिला नाही. २० नोव्हेंबरला डॉलरचा दर ४.२ लाख कोटी मार्क होता. शाळेत आपण अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म असं घोकायचो ना, आणि वाटायचं की महापद्म कुणाच्या बापाला लागणार? तो दर म्हणजे ४.२ महापद्म. एक जलधी मार्कांची नोटसुद्धा छापली गेली, एकावर चौदा शून्यं. पगार रोज वाटायचे, आणि हातात पडले की पळत दुकान गाठायचं, कारण संध्याकाळपर्यंत भाव वाढलेला. १५ नोव्हेंबरला रेंटेनमार्क हे नवं चलन आलं तेव्हापासून हे थांबत गेलं. म्हणजे चित्रपट संपतो त्याच्या चारच दिवसांनी! चित्रपट ११ तारखेला संपतो.

आणि ज्याबद्दल मला सर्वात जास्त चुटपुट लागते ती गोष्ट. ५ आणि ६ नोव्हेंबर १९२३ला, चित्रपटातल्या त्याच आठवड्यात, बर्लिनच्या शॉयननफिअर्टल भागात दंगल झाली. अलेक्झांडरप्लात्सच्या जवळची ही गरीब वस्ती. पूर्वेकडून, गॅलिशिया या पूर्व युरोपातल्या प्रांताकडून आलेले ज्यू इथे राहायचे. पावाचा भाव पुन्हा कडाडला होता. बेकारभत्त्यासाठी रांगेत उभ्या असलेल्यांना सांगण्यात आलं की पैसे संपले, आणि अफवा उठली की ते पैसे गॅलिशियन ज्यूंनी आधीच उचललेत. जमाव ग्रेनाडिअरश्ट्रासेत शिरला. दुकानं लुटली, माणसांना रस्त्यात गाठून मारलं, कपडे फाडले. हे करणारे कुठल्या गणवेशातले नव्हते. रांगेतले भुकेले लोक होते. एबेलला फक्त त्या गल्लीतून चालत न्यायचं होतं! व्हेर्गेरुसची, कॅमेऱ्यांची, भाषणाची गरजच उरली नसती. कॅबरेच्या प्रसंगात त्या दोन दिवसांची सावली जाणवते, पण सावलीच.

त्याच आठवड्यात ८ तारखेच्या रात्री म्युनिकच्या ब्युर्गरब्रॉयकेलर बिअर हॉलमध्ये हिटलरने उठाव केला आणि ९ला तो गोळीबारात चिरडला गेला. सोळा बंडखोर आणि चार पोलीस मेले. चित्रपटाच्या शेवटी इन्स्पेक्टर बाउअर एबेलला सांगतो की हिटलर सपशेल आपटला, त्याने जर्मन लोकशाहीची ताकद कमी लेखली. प्रेक्षक इथे कडवट हसतो. पण जरा थांबा. त्या दिवशी बाउअर बरोबरच बोलत होता. १९२८च्या निवडणुकीत नात्झींना जेमतेम २.६ टक्के मतं होती. जुलै १९३२ला ३७ टक्क्यांच्या वर गेली. मधल्या काळात १९२९ची मंदी आली, साठ लाखांच्या घरात बेकार झाले, आणि सरकारने खर्च छाटत नेला. 'महागाई आली म्हणून हिटलर आला' हे आपण सर्रास ऐकतो, चित्रपटही तेच सूचित करतो. पण मधली पाच-सहा बरी वर्षं त्यात बसत नाहीत. महागाईने मध्यमवर्गाची आयुष्यभराची बचत धुऊन नेली आणि प्रजासत्ताकावरचा विश्वासही नेला, एवढं नक्की. अंड्यात साप पूर्ण तयार होता हे मात्र शेक्सपिअरकडून उसनं आणलेलं काव्य आहे. 'ज्युलियस सीझर'मध्ये ब्रुटस सीझरला सापाचं अंडं म्हणतो, आणि ते कशासाठी? त्याने अजून काहीच केलेलं नसताना त्याला मारण्याचं समर्थन करण्यासाठी. हा संदर्भ बर्गमनने नीट वापरला असता तर व्हेर्गेरुसचं भाषण वेगळंच झालं असतं.

क्लिनिक काल्पनिक आहे. पण विचार हवेत होता : 'जगण्यास नालायक' जीव संपवण्याची मुभा असावी असं मांडणारं, एक कायदेपंडित आणि एक मनोविकारतज्ज्ञ यांनी मिळून लिहिलेलं पुस्तक १९२०मध्येच लाइपत्सिगहून निघालं होतं. गंमत अशी (गंमत हा शब्द इथे चुकतोय, पण असो) की माणसांवरच्या प्रयोगांसाठी संमतीचे कडक नियम काढणाऱ्या पहिल्या देशांतही जर्मनीच होता. ल्युबेकमध्ये क्षयरोगावरच्या दूषित बीसीजी लशीने सत्तरहून अधिक बाळं दगावली आणि १९३१मध्ये ते नियम आले. दोनच वर्षांत ते कागदावर उरले.

मग बर्गमनने हा चित्रपट केलाच का? माझ्या मते त्याचं उत्तर १९२३मध्ये नाही. ३० जानेवारी १९७६ला स्टॉकहोमच्या राष्ट्रीय रंगभूमीवर स्वीडिश नाटककार स्ट्रिंडबर्गच्या नाटकाची तालीम चालू असताना साध्या वेशातले पोलीस आले आणि करचुकवेगिरीच्या आरोपावरून त्याला घेऊन गेले. तो कोसळला, इस्पितळात राहिला. पुढे आरोप मागे घेतले गेले, पण त्याने देश सोडला आणि म्युनिकला गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस हे चित्रीकरण झालं. आता पोलीस मुख्यालयाचा प्रसंग पुन्हा बघा. बाउअर सौम्यपणे प्रश्न विचारतोय, आरोप असा काहीच नाही, आणि एबेल एकाएकी उठून पळत सुटतो, तळघरातल्या जाळ्यांवर आदळतो. पटकथेत याला कारण नाही. दिग्दर्शकाच्या पोटात आहे.

दुसरी गाठ आणखी जुनी. सोळाव्या वर्षाच्या आसपास तो जर्मनीत एका पाद्र्याच्या कुटुंबात सुट्टीला राहिला, वायमारला हिटलरचं भाषण ऐकलं आणि भारावला. वाढदिवसाला त्या कुटुंबाने त्याला हिटलरचा फोटो दिला. हे सगळं त्याने आत्मचरित्रात न लपवता लिहिलंय. अंड्यात साप दिसत होता असं म्हणणाऱ्याला स्वतःला तेव्हा तो दिसला नव्हता. आणि व्हेर्गेरुस हे नाव त्याच्या इतर चित्रपटांतही येतं. 'फॅनी अँड अलेक्झांडर'मधला छळवादी बिशपही व्हेर्गेरुसच.

चित्रीकरण म्युनिकच्या गाइझेलगास्टाइग स्टुडिओत झालं. कलादिग्दर्शक रोल्फ झेहेटबाउअर, 'कॅबरे' या चित्रपटासाठी ऑस्कर मिळवलेला. त्याने उभारलेली रस्त्याची प्रचंड मांडणी पुढे जर्मन दिग्दर्शक फासबिंडरने 'बर्लिन अलेक्झांडरप्लात्स' या टीव्ही मालिकेसाठी वापरली. अवांतर : हा स्टुडिओ आपल्याला परका नाही. मूकपटांच्या जमान्यात तो एमेल्का कंपनीचा होता. तिचाच दिग्दर्शक फ्रान्झ ओस्टेन पुढे मालाडला बॉम्बे टॉकीजमध्ये आला आणि त्याने 'अछूत कन्या' केला. तो नात्झी पक्षाचा सदस्य होता, आणि १९३९मध्ये युद्ध सुरू झाल्यावर इंग्रजांनी त्याला स्थानबद्ध केलं.

नटांबद्दल फार लिहीत नाही. एबेल झालेला डेव्हिड कॅराडाइन ठोकळा आहे असं सगळे म्हणतात. मला तो ठोकळेपणा इथे चालतो, भाषा न कळणारा दारुडा असाच दिसेल. मॅन्युएला झालेल्या लिव्ह उलमनला मात्र भूमिकाच अर्धवट मिळालीय. गेर्ट फ्र्योबे (हो, बाँडपटातला तोच गोल्डफिंगर) सगळ्यांना खाऊन टाकतो. त्याचा बाउअर बोलता बोलता लोहमान नावाच्या सहकाऱ्याचा उल्लेख करतो. हा लोहमान म्हणजे जर्मन दिग्दर्शक फ्रित्झ लांगच्या 'एम' या चित्रपटातला इन्स्पेक्टर, आणि फ्र्योबेने स्वतः १९६१च्या एका माबुझेपटात (डॉक्टर माबुझे या खलनायकाच्या चित्रपटमालिकेत) तीच भूमिका केली होती. जाणकारांसाठी ठेवलेला खाऊ.

आता फिल्म क्लबचं. दाखवा, पण एकटा नको. एका आठवड्यात 'एम' आणि पुढच्या आठवड्यात हा. सुरुवातीला दहा मिनिटं ५ नोव्हेंबरच्या दंगलीबद्दल बोला, नाहीतर मुलं चर्चा व्हेर्गेरुसवरच अडकवतील. बाळाच्या फिल्मबद्दल आधी सूचना द्या. आमच्याकडे एकदा दिली नव्हती, तर एक बाई मधेच उठून बाहेर गेल्या आणि मी त्यांच्यामागे पाण्याची बाटली घेऊन जिन्यात बसलो होतो.

आणि चर्चा सुरू करायची असेल तर चर्चमधला प्रसंग पुन्हा लावा. मॅक्सच्या मरणाचा अपराध मनात घेऊन मॅन्युएला पाद्र्याकडे जाते. तो घाईत आहे, पुढचा कार्यक्रम गाठायचाय. ती ऐकत नाही म्हणून अखेर तो तिथेच गुडघे टेकतो आणि म्हणतो, देव फार लांब आहे, आपणच एकमेकांना क्षमा करू या. तिला करतो. मग तिच्याकडे स्वतःसाठी मागतो, आपल्या उदासीनतेबद्दल. ती त्याच्या डोक्यावर हात ठेवते. माझ्याकडच्या प्रतीत हा प्रसंग फार अंधारा आहे, तेव्हा प्रोजेक्टरचा उजेड आधी तपासून घ्या.