पाटल्या विकून घेतलेले शेअर: धरू की सोडू?

कॅनडातल्या मिसिसागाहून एका मैत्रिणीचं पत्र आलंय. आईमागे वाट्याला आलेल्या पाटल्या विकून तिने दिराच्या सांगण्यावरून सोन्याचा शोध घेणाऱ्या एका छोट्या कॅनेडियन कंपनीचे शेअर घेतले. सोन्याच्या बदल्यात सोनंच, असं तिला वाटलं. सोनं चढत गेलं, शेअर मात्र एकदा दुप्पट होऊन आता खरेदीच्या तिसऱ्या हिश्श्यावर आलाय. नवरा म्हणतो वीक, दीर म्हणतो धर. सप्टेंबरात लेकीची युनिव्हर्सिटीची फी भरायचीय. ‘विकले तर आईचं सोनं मीच बुडवलं असं होईल,’ असं ती लिहिते.

प्रिय मैत्रिणी,

तुझं ते शेवटचं वाक्य वाचून जीव कळवळला. अगं, आईचं सोनं पाटल्या विकल्या त्याच दिवशी सोनाराकडे गेलं. आता तुझ्याकडे आहे तो एका शोधातला वाटा. तो धरून ठेवणं म्हणजे आईची आठवण जपणं नव्हे, आणि विकलास तर तिचा अपमानही होत नाही.

अशा कंपनीकडे चालू खाण नसते, विक्री नसते. ती जमिनीत खोल ड्रिलिंग करते, खडकाचे नमुने प्रयोगशाळेत पाठवते आणि टनामागे किती ग्रॅम सोनं आहे ते पाहते. कोरडवाहू शेतात बोअर मारण्यासारखंच हे: पाणी लागो न लागो, खर्च होतोच. तो भागवायला कंपनी नवे शेअर काढते आणि तुझा वाटा पातळ होतो. म्हणून २०२५च्या ऑक्टोबरात सोनं औंसाला ४,००० डॉलरच्या पुढे गेलं, तरी असा शेअर पडू शकतो. डिसेंबरात तर कराच्या हिशेबात तोटा दाखवायला लोक पडलेले शेअर विकतात, तेव्हा काही न बिघडताही भाव घसरतो.

‘दहापट होईल’ म्हणणाऱ्या दिराला ब्रे-एक्स आठवतं का विचार. कॅलगरीची कंपनी, बोर्निओत प्रचंड साठा सापडल्याचा दावा, बाजारमूल्य अब्जावधी डॉलर. १९९७ मध्ये नमुन्यांत सोनं मिसळल्याचं उघड झालं आणि शेअर मातीमोल झाले. त्यानंतर, २००१ पासून, कॅनडात साठ्याच्या आकड्यांमागे पात्र तज्ज्ञाचा अहवाल लागतो. त्यामुळे लबाडी अवघड झाली, जोखीम गेली नाही.

फीपुरते पैसे आता काढच. साठा सापडल्यापासून खाण सुरू होईपर्यंत दहा-पंधरा वर्षं सहज जातात; लेकीची फी तेवढी थांबणार नाही. काही उरलं, तर त्याचा निर्णय रोजचा भाव बघून करू नकोस. कंपनीचा तिमाही हिशेब उघड. वर्षभराच्या ड्रिलिंगपुरती रोकड आहे का? दोन वर्षांत एकूण शेअर किती वाढले? रोकड संपत आली असेल आणि सांगण्याजोगा नमुना निघाला नसेल, तर मी उरलेलेही विकले असते. दोन्ही ठीक असेल, तर गेले तरी घर हलणार नाही इतकेच ठेव.

शेअर टीएफएसएत, म्हणजे कॅनडातल्या करमुक्त बचत खात्यात, असतील तर तिथला तोटा करात वजा होत नाही आणि बुडालेल्या रकमेइतके पैसे त्या खात्यात पुन्हा भरण्याची मुभाही मिळत नाही. साध्या खात्यात असतील तर तोटा दुसऱ्या शेअरच्या भांडवली नफ्यातून वजा होतो. मात्र विकल्यावर तीस दिवसांत तू किंवा नवऱ्याने तेच शेअर पुन्हा घेऊन ठेवले, तर ती सवलत मिळत नाही. कोणत्या खात्यात आहेत ते नवऱ्याबरोबर बसून याच आठवड्यात बघ.

तुझी,
ताई