पुस्तकाआधी वाचक कसा मिळवावा?

प्रश्न : मी दर्यापूर तालुक्यातील शेतकरी असून वऱ्हाडी बोलीत बारा कथा लिहिल्या आहेत. प्रकाशक विचारतात, ‘तुम्हाला वाचणार कोण?’ पुस्तकच नसताना वाचक कुठून आणावेत?

उत्तर : नवोदिताच्या पुस्तकात प्रकाशकाचे पैसे अडकतात, म्हणून तो असे विचारतो, त्याचा राग धरू नये. बाराही कथा पेटीत राखून न ठेवता दोन-तीन नियतकालिकांकडे पाठवा. १९२३ साली स्थापन झालेल्या विदर्भ साहित्य संघाचे ‘युगवाणी’ आहेच; दिवाळी अंकांसाठी मात्र मजकूर पावसाळ्यातच पोहोचवावा, कारण कपाशीची बोंडे फुटू लागल्यावर पाठवलेली कथा बहुधा पुढच्या वर्षावर जाते.

माझा खरा भर मात्र जाहीर वाचनावर आहे, कारण वऱ्हाडीची गोडी आधी कानाला कळते. गावच्या ग्रंथालयात, मग ते ‘ड’ वर्गाचे का असेना, दहा माणसे जमवून एक कथा मोठ्याने वाचा आणि वाचताना समोर लक्ष ठेवा : तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटणारा हात ज्या वाक्याला थांबतो ते वाक्य जमले, आणि तो पुन्हा सुरू होतो तिथे कात्री लावा. ‘मंग काय झालं?’ असे जो विचारील, त्याचा क्रमांक त्याच्या संमतीने वहीत टिपून घ्या आणि पुढची कथा स्वतःच्या आवाजात व्हॉट्सॲपवर पाठवा, तीही महिन्यातून एकदाच. रोज सकाळी शुभेच्छांसोबत साहित्य पाठवणाऱ्यांना लोक मुकाट्याने ‘म्यूट’ करतात. पुढच्या वेळी प्रकाशकाकडे जाताना हस्तलिखितासोबत ती वहीही न्या.