राग आजाराचा की मनात मुरलेल्या लाजेचा?

बायपोलर विकाराचे (मन कधी उन्मादाकडे, कधी नैराश्याकडे झुकवणाऱ्या आजाराचे) निदान झाल्यापासून घरच्यांवर आणि त्याहून अधिक स्वतःवर राग येतो, तर तो आजाराचेच लक्षण समजावे का, असे तुम्ही विचारले आहे. मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात राहतो आणि याच विकारासाठी बरीच वर्षे लिथियम हे औषध घेतो. मी डॉक्टर नाही, पण हा राग माझ्या चांगला ओळखीचा आहे.

कमी झोपूनही थकवा न जाणवणे, बोलण्याचा वेग वाढणे, पैसा बेफाम खर्च होणे यांच्या जोडीने चिडचिड वाढली असेल, तर तो उन्मादाचा टप्पा असू शकतो आणि लगेच डॉक्टरांना दाखवावे. परंतु झोप आणि कामधंदा सुरळीत असताना, आईने गोळीची आठवण केली किंवा पाहुणे येताच तुमची फाईल कपाटात सरकवली, एवढ्यावरून जो संताप उसळतो, त्याचे मूळ मला दुसरीकडे दिसते.

‘याला धारवाडला न्या’, म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात, हे बोलणे आपल्या भागात लहानपणापासून कानांवर पडते. असा माणूस बेभरवशाचा, लग्नाला नालायक, हे आपण स्वतः आजारी पडण्याच्या कितीतरी आधी शिकलेलो असतो, आणि निदान होताच, कोणी काही म्हणण्यापूर्वीच, तो निवाडा स्वतःला लागू करून मोकळे होतो. पॅट्रिक कॉरिगन आणि एमी वॉटसन या अमेरिकी अभ्यासकांनी २००२ साली मांडले की, हा कलंक ज्याला योग्य वाटतो त्याचा स्वाभिमान खचतो, ज्याला तो अन्याय्य वाटतो त्याच्यात न्याय्य राग जागा होऊ शकतो, तर काहींना त्याचे फारसे काही वाटतच नाही. माझ्या अनुभवात पहिल्या दोन्ही अवस्था एकाच माणसात, कधीकधी एकाच दिवसात नांदतात. घरच्यांचे बोलणे इतके झोंबते, कारण आतून ते आपल्याला पटलेले असते.

म्हणून राग गिळू नका. तो त्या निवाड्याकडे वळवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजाराला उपचारांत आणि विम्यात शारीरिक आजाराच्या बरोबरीने वागवणे बंधनकारक केले आहे, आणि तुमच्या आजाराची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्कही दिला आहे. विमा नाकारला गेला, तर लेखी कारण मागण्यात हा राग खर्ची पडू द्या. आईशी मात्र शांत वेळी बोला. तिची भीती बहुधा तुमच्या बहिणीच्या किंवा तुमच्याच लग्नाची असते, आणि ती तिने कोणाजवळ बोललेली नसते.

आणखी एक, जे सीमाभागातल्या माणसालाच कळेल: कानडीत झोप आणि भूक सांगता येते, लाज सांगणे फार जड जाते. त्यामुळे मराठी समजणारा डॉक्टर किंवा समुपदेशक आग्रहाने मागा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते, आणि तो चोवीस तास चालू असतो. स्वतःवरचा राग जीव नकोसा करू लागला, तर सकाळची वाट न पाहता घरातल्या एकाला उठवा आणि त्याच रात्री फोन करा.